‘हुकलं’ म्हणण्याआधी

सोपान गेल्याचं मला दुकानात कळलं. सकाळी नुकतंच शटर वर केलं होतं, बियाण्याच्या पिशव्या पुढे मांडत होतो, तेवढ्यात त्याच्या पुतण्याचा, अक्षयचा फोन आला. “काका, नाना गेले.” एवढं बोलून तो थांबला. मग सांगू लागला... द्राक्षबागेत छाटणी चालली होती, छातीत कळ आली म्हणाले, वेलीखालीच बसले, पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत मान कलली. अशा वेळी माणसं विचारतात, कधी, कसं, दवाखान्यात नेलं का. माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हणालो, “नीट बघितलंत का? जागेवर जाऊन?” मग अक्षय हळूच म्हणाला, “काका, मी त्यांच्या उशालाच बसलोय.”

तो प्रश्न माझा नव्हता. तो सोपानचा होता, आणि इतकी वर्षं त्याच्या तोंडून ऐकून माझ्या जिभेवर येऊन बसला होता.

सोपान वारूळवाडीचा शेतकरी. नारायणगावच्या शाळेत तो माझ्या बाकावर बसायचा. आमचं घराणं पणजोबांच्या वेळी राजस्थानातून इकडे आलं. बाजारपेठेत आमचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. आम्ही जैन. कांद्याचं बी मी पोत्यानं विकतो, पण घरात कांदा येत नाही. अशा घरातला मी, आणि छऱ्याच्या बंदुकीनं होले नि तित्तर मारणारा तो. आमची मैत्री कशी टिकली हे मला अनेकांनी विचारलं आहे. मी उत्तर टाळत आलो, कारण खरं उत्तर मला स्वतःलाच टोचतं. मी त्याच्याबरोबर शिकारीला जात असे.

म्हणजे बंदुकीला मी कधी हात लावला नाही. माळावर एक चिंच होती, तिच्याखाली बसून राहायचो. पण आमच्याकडे पापाच्या तीन वाटा सांगितल्या आहेत : स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मनातून मान डोलावणं. या तिसऱ्याला अनुमोदन म्हणतात, आणि त्याचं माप पहिल्या दोन्हींहून हलकं धरत नाहीत. मी कधी चाप ओढला नाही, कधी ‘मार’ म्हटलं नाही. पण त्याचा नेम लागला की माझ्या छातीत काहीतरी टुणकन उडी घ्यायचं. आता त्याच्याविषयी लिहायला बसलोय आणि हे लिहिणं कौतुकाचं होणार, हे मला पहिल्याच ओळीपासून दिसतंय. मग हाही कागद अनुमोदनच झाला की. दोन आठवडे मी या विचारानं पेन खाली ठेवत होतो. शेवटी वाटलं, न लिहिणं ही जास्त मोठी लबाडी होईल. म्हणून लिहितो.

बंदूक त्याच्या वडिलांची. साधी, नळी मोडून एक छर्रा भरायची, परवाना लागत नाही अशी. दस्त्याचा रंग उडालेला, नळीच्या टोकाची नेम धरायची माशी एका बाजूला किंचित झिजलेली. त्या काळी गावात अशा बंदुका बऱ्याच होत्या. पोरं विजेच्या तारेवरचं दिसेल ते पाखरू उडवायची आणि पुढे चालू लागायची. ते बेकायदा आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. सोपानचे वडील मात्र कडक. त्यांनी बंदूक देताना मुलाला सांगितलं होतं, की ही ठासणीची बंदूक नाही, हिच्यात दम कमी आहे, म्हणून धरणाऱ्यात अक्कल जास्त पाहिजे. उडत्या पाखरावर बार टाकायचा नाही. बसलेल्यावर, तेही डोकं स्वच्छ दिसलं तरच. पाठीमागं माती किंवा झाडाचं खोड पाहिजे, मोकळं आभाळ नको. जोडीनं चरत असतील तर सोडून द्यायचं. विणीच्या दिवसांत बंदूक खुंटीवरून काढायचीच नाही. आणि जे चुलीवर चढणार नाही ते मारायचं नाही.

यात सोपाननं स्वतःची एक भर घातली होती. निघण्याआधी तो घरामागं वाळू भरलेल्या पोत्यावर बायकोची, लताबाईंची, एक टिकली चिकटवायचा. बांधावर उभं राहून टिकलीला छर्रा लागला तर माळावर जायचं. नाही लागला तर बंदूक परत खुंटीला. दुसरा बार नाही. कितीदा तरी मी गाडी काढून नारायणगावहून वारूळवाडीला जायचो आणि हा पोत्यापुढे उभा राहून म्हणायचा, “शेट, आज हात माझा नाय. चल, च्या पिऊ.” लताबाई आतून ओरडायच्या, “माझ्या कपाळाला लागल्या न्हाईत तेवढ्या टिकल्या त्या पोत्याला लागल्या. पोत्याशीच लगीन लावायचं व्हतं!” यावर सोपान मला डोळा मारून म्हणायचा, “लावलं असतं राव. पोतं बोलत नाय.”

पण ज्या नियमामुळे मी त्याला मानत आलो तो एका शब्दाचा होता. बार टाकल्यावर पाखरू उडालं किंवा झुडपात दिसेनासं झालं, की बंदूक हातात असलेला प्रत्येक माणूस एकच शब्द बोलतो : हुकलं. बोलायला सोपा शब्द. बोलला की संपलं, पुढची शिकार बघायला मोकळं. सोपानला तो शब्द खपायचा नाही. तो म्हणायचा, “हुकलं का लागलं ते हितनं कसं कळंल? बंदुकीपाशी उभं राहून काय बी म्हणता येतं. ज्या जागेवर ते बसलं व्हतं तिथं जायचं, वाकायचं, पीस बघायचं, रगत बघायचं. मग बोलायचं.” छर्रा एवढासा. पोटात घेऊन होला दोन शेतं उडत जातो, आणि कुठंतरी बाभळीखाली दिवसभर तडफडतो. म्हणून प्रत्येक बारानंतर, अगदी छर्रा दगडावर खणकन वाजलेला आम्ही दोघांनी ऐकला तरी, तो चालत जायचा. बंदूक बांधावर ठेवायचा, गुडघ्यावर बसायचा, गवत हातानं बाजूला करायचा. लागलेलं पाखरू उताराकडं जातं, असं म्हणायचा, आणि उतार धरून फिरत राहायचा. सापडलं की जागेवरच मान पिरगाळून त्याची सुटका करायचा. नाही सापडलं तर त्या दिवशी पुढचा बार नाही. संध्याकाळपर्यंत तेच एक शोधायचं. मी चिंचेखाली बसून त्याची पाठ बघत राहायचो. आपण कशाला हात लावायचा, आपण जैन... या विचारात मला मोठी सोय होती, ती आता कळते.

एकदा त्याच्या पाहुण्यांकडे आम्ही घाटघरला गेलो होतो. उन्हाळा होता, नाणेघाटाकडून गरम वारा येत होता. पाहुणा हौशी. जेवण झाल्यावर म्हणाला, “पावणं, बंदूक आणलीय तर चला. झऱ्यावर दुपारचा रानकोंबडा येतो. बसल्या जागी मिळंल.” आम्ही गेलो. करवंदीच्या आड बसलो. खरंच कोंबडा आला, मान वर करून बघितलं, आणि पाण्याला टोच मारली. सोपाननं बंदूक उचललीच नाही. पाहुणा कोपरानं ढोसतोय, “टाका की राव, टाका की!” कोंबडा पाणी पिऊन गेला. पाहुणा भडकला. “एवढ्या लांबनं काय तोंड बघायला आला व्हता का?” सोपान शांतपणे म्हणाला, “पाण्यावर आलंय ते. तुमच्या घरी मी पाणी प्यायला आलो अन् तुमी काठी घातली तर?” थोड्या वेळानं तोच हसू लागला आणि म्हणाला, “लई अवघड माणूस हाय बाबा. ह्याच्या बायकोला विचारलं पायजे, घरात कालवणाला काय घालते.” त्या रात्री घाटघरला सगळ्यांनी पिठलं खाल्लं. मीही पोटभर जेवलो, म्हणून सोपान मला चिडवत होता, की शेटचा देव पावला.

त्याच सुमारास एका चातुर्मासात आमच्या गावी थांबलेल्या महाराजसाहेबांना मी माझी अडचण सांगितली. मित्राचं नाव घेतलं नाही. म्हटलं, एक माणूस शिकार करतो, पण असे असे नियम पाळून करतो, आणि मी नुसता बसलेला असतो. महाराजांनी रागावून काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, की त्याचा नेम लागतो तेव्हा तुम्हाला आनंद होतो का. मी खोटं बोलू शकलो नाही. ते म्हणाले, मग उत्तर तुमच्यापाशीच आहे. मी घरी आलो आणि पुढचा महिनाभर वारूळवाडीला गेलो नाही. मग सोपानच दुकानात आला, गल्ल्यासमोरच्या बाकावर बसला. आईनं आतून चहा पाठवला, त्याच्या ठरलेल्या पेल्यातून. हो, त्याचा पेला आमच्याकडे वेगळा होता. मांस खाणाऱ्या माणसाचा म्हणून. त्याला ते ठाऊक होतं. चहा पिऊन तो तो पेला स्वतः विसळायचा आणि खिडकीत पालथा घालायचा. याबद्दल तो कधी एक अक्षर बोलला नाही, आणि मीही बोललो नाही. मला माझ्या पापाची चिंता होती, त्याच्या पेल्याची नव्हती... असो. तो त्या दिवशी म्हणाला, “काय शेट, चिंच एकटी पडलीय.” पुढच्या रविवारी मी पुन्हा चिंचेखाली होतो.

मग कालव्याचं पाणी आलं आणि मुलूख बदलू लागला. माळ फुटले, सपाट झाले, तिथं ऊस उभा राहिला. पारगावच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसू लागल्या. उसात बिबटे राहायला आले. अशाच एका संध्याकाळी सोपाननं उसाच्या कडेला तित्तरावर बार टाकला. तित्तर कोलमडलं, उठलं आणि एक पंख ओढत उसात शिरलं. आदल्याच आठवड्यात त्या शिवारातून एक शेळी गेली होती. मी बांधावरून ओरडलो, “सोपान, जाऊ दे!” त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. बंदूक माझ्या पायाशी ठेवली आणि आत शिरला. पात्यांची सळसळ ऐकू येत होती, मग तीही येईना. दिवस मावळत होता. मी बांधावर उभा. आत जावं असं मला वाटलं, पाय मात्र हलले नाहीत, आणि मनाला मी समजावलं की आपण जाऊन करणार काय, आपण तर हात लावत नाही. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. तोंडावर आणि हातांवर उसाच्या पात्यांनी ओरखडे काढलेले, हातात तित्तर. ते संपवूनच आणलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाला, “आजपासनं उसाच्या कडंला बार नाय. जिथं मागं जाता येत नाय तिथं टाकायचाच कशाला?”

हा एक नियम त्यानं वाढवला आणि त्यानंच त्याची शिकार संपवली. कारण ऊस दरवर्षी पुढे सरकत होता. आम्ही माळावर जायचो, एखादा होला दिसायचा, सोपान आधी पाखराकडे आणि मग चहूबाजूंना बघायचा. लागलेलं पाखरू उडून कुठवर जाईल? तिथं ऊस आहे का? असेल तर बंदूक खाली. पुढे पुढे असं झालं, की जिथं उभं राहून बघावं तिथं कुठून ना कुठून ऊस दिसायचाच. आम्ही नुसतेच फिरून यायचो. मी त्याला चिडवायचो, “सोपानराव, यापेक्षा दीक्षा घ्या.” तो म्हणायचा, “तुमच्यात केस उपटत्यात म्हणं. माझं हायत तेवढं राहू दे.”

नंतर बिबट्याच्या बंदोबस्तासाठी गावात सभा झाली. वनखात्याच्या माणसानं बिबट्याबरोबर बाकीचंही सांगितलं, की ससा, तित्तर, होला, लावा, काहीही मारणं गुन्हा आहे, छऱ्याच्या बंदुकीनंही. पोरं हसली. सोपान दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाला, “शेट, बंद. कायदा हाय.” मी म्हटलं, “अरे, कायदा काय काल झाला का? आधीपासूनच आहे.” तो म्हणाला, “आसंल. मला नीट कुणी सांगितलं नव्हतं. आता तोंडावर सांगितलंय. आता ऐकून न ऐकल्यासारखं करायचं म्हंजी बंदुकीपाशी उभं राहून हुकलं म्हणायचंच झालं की.” त्या दिवसापासून त्यानं पाखरावर बार टाकला नाही. त्याला वाईट वाटलं का? वाटलं. वडिलांबरोबर घालवलेल्या सकाळी त्या बंदुकीत होत्या. पण त्यानं त्याचं दुःख कुणाला ऐकवलं नाही, आणि मोठेपणाही मिरवला नाही.

बंदूक उरली ती घुशींपुरती. कांद्याच्या चाळीत घुशी फार झाल्या की तो संध्याकाळी स्टूल टाकून बसायचा. तिथंही तेच. बारानंतर उठायचं, टॉर्च घेऊन कांद्याखाली वाकायचं. मी एकदा म्हटलं, “घूस आहे रे, तित्तर नाही.” तो म्हणाला, “तिला कुठं म्हाईत ती घूस हाय?”

याच घुशींवरून आमचं एकदा खरं भांडण झालं. माझ्या गोदामात घुशींनी बियाण्याची पोती फोडली होती. नोकरांनी चिकट पॅड लावले, मीच दुकानातून काढून दिलेले. सोपान खत घ्यायला गोदामात आला तर कोपऱ्यात एका पॅडवर घूस चिकटलेली, जिवंत. तिनं सुटण्यासाठी स्वतःच्या पायाची कातडी सोलून काढली होती. सोपाननं खताची गोणी खाली ठेवली. “हे कवाचं हाय?” मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “सकाळी पोरं फेकतात.” तो माझ्याकडे बघत राहिला. “अन् सकाळपातुर?” मला राग आला. मी म्हणालो, “तू मला शिकवू नकोस. मी आयुष्यात एक मुंगी मारली नाही.” “मारली नाय, चिकटवली,” तो म्हणाला, आणि त्यानं तिथंच पडलेल्या लोखंडी वजनानं ती घूस एका घावात संपवली. मी म्हटलं, “बघ, मारलीस ना? पाप तुझ्या माथी.” तो म्हणाला, “असू दे माझ्या माथी. तुझ्या माथी ठिवलं तर तुझी टोपी बसायची नाय.” दोन महिने आम्ही बोललो नाही. पॅड मी विकायचे बंद केले, पण त्याला ते सांगितलं नाही. त्यानं दुकानात येऊन फळीवर नजर फिरवली, रिकामी जागा बघितली आणि फक्त म्हणाला, “च्या सांग.”

आमची शेवटची भेट संवत्सरीची. त्या दिवशी आम्ही ओळखीच्या प्रत्येकाची वर्षभरातल्या चुकांबद्दल क्षमा मागतो, ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. शाळेत असताना मी त्याला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यानं ते ‘मिच्छामि तुकडं’ असं ऐकलं. त्याला वाटलं, मटणाचा तुकडा खाल्ल्याबद्दल माफी मागायची असते, आणि ती त्यानं मागायची आहे. तेव्हापासून दरवर्षी तो त्या दिवशी दुकानात यायचा. चूक कळल्यानंतरही शब्द बदलला नाही. यंदाही आला. भुईमुगाच्या शेंगांची पिशवी बाकावर ठेवली आणि हात जोडले. “शेट, मिच्छामि तुकडं.”

मी हसलो नाही. का कोण जाणे, त्या दिवशी मला बोलायचं होतं. मी म्हटलं, “सोपान, माफी मी मागायची. तुझ्याबरोबर येऊन बसायचो, मजा बघायचो, आणि पाप तुझं म्हणून मोकळा व्हायचो. एकदाही उठून तुझ्याबरोबर शोधायला आलो नाही.” तो शेंग फोडत होता. म्हणाला, “तू आला असतास तर बसलं कोण असतं?” मला कळलं नाही. मग तो म्हणाला, “तुला काय वाटतं, मला कंटाळा येत नव्हता? उन्हाचं काट्यात गुडघे टेकायचे. कितीदा वाटायचं, हुकलं म्हणावं अन् घरला जावं. एकटा असतो तर म्हणलं बी असतं. पण वळून बघावं तर चिंचंखाली हे जैनाचं पोर डोळं लावून बसलेलं. लाज वाटायची. मग जावंच लागायचं.” एवढं बोलून त्यानं टरफलं मुठीत गोळा केली आणि म्हणाला, “जास्त इचार करू नको. शेंगा खारावून खा.” दीड महिन्यानं अक्षयचा फोन आला.

सोपानची बंदूक आता माझ्या गोदामात आहे. लताबाईंनी ती देऊ केली तेव्हा मी आधी नाही म्हणालो आणि त्याच दिवशी घेऊन आलो; ती जैनाच्या गोदामात कशी आली एवढं सांगायचं राहिलं.

दिवाळी झाल्यावर मी वारूळवाडीला गेलो होतो. लताबाई पडवीत बसल्या होत्या. अक्षय चाकणला कंपनीत असतो, छाटणीला म्हणून आलेला तो सुट्टी वाढवून राहिला होता. चहा होईपर्यंत लताबाई म्हणाल्या, “भावजी, ती बंदूक तुमी न्या. हितं नको.” मी म्हटलं, “वहिनी, आमच्या घरात बंदूक? आई अन्नाला शिवणार नाही.” त्या काही बोलणार, तेवढ्यात घरामागून ‘फट्’ असा आवाज आला. आम्ही दोघंही ओळखीच्या आवाजानं दचकावं तसे दचकलो. अक्षय बंदूक घेऊन पुढे आला, भिंतीला टेकवली. “काय केलंस रं?” लताबाईंनी विचारलं. “काय नाय काकी. विहिरीच्या पायपावर होला बसला व्हता. हुकलं.” तो खाली बसला आणि त्यानं चहाची कपबशी ओढून घेतली.

लताबाईंनी मान खाली घातली. मीही चहाचा एक घोट घेतला. खरं सांगायचं तर मी कुणीतरी उठण्याची वाट बघत होतो, सवयीनं. मग लक्षात आलं, की उठणारा माणूस त्या घरात आता नाही. मी कप खाली ठेवला. “कुठं बसला होता?” “अहो उडाला तो काका.” “कुठं बसला होता ते दाखव.”

विहिरीपाशी काही दिसलं नाही. अक्षय म्हणाला, बघा, काय नाय. मी वाकलो. गुडघे दुखतात आता, तरी टेकले. पायपाच्या खाली, ओल्या मातीवर एक करडं पीस होतं, त्याच्या बुडाला लाल ठिपका. मी उताराकडे बघितलं. उताराला द्राक्षबाग. वेलींना नव्या फुटी आलेल्या, आणि बांधाच्या कडेला छाटलेल्या काड्यांचा ढीग अजून तसाच पडलेला. आम्ही दोघं ओळीओळीनं शोधत गेलो. बराच वेळ गेला. अक्षय एकदाच म्हणाला, “जाऊ द्या ना,” आणि मी काड्यांच्या ढिगाशी वाकलो, तेव्हा तोही काड्या उचलू लागला. होला त्या ढिगाच्या आत शिरून बसला होता. जिवंत. मी हात घातला आणि त्याला बाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी असा जीव हातात घेतला. एवढा हलका आणि एवढा गरम असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. सोपाननं काय केलं असतं ते मला माहीत होतं. ते माझ्या हातून होणं शक्य नव्हतं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या क्षणी त्यांच्या कानाशी म्हटला होता तसा मी त्याच्यावर वाकून नवकार मंत्र म्हणू लागलो. दुसऱ्यांदा म्हणत असताना त्याच्या डोळ्यावर पापणी आली ती पुन्हा उघडली नाही.

महाराजसाहेबांचा प्रश्न मला तिथं आठवला. आनंद होतो का? झाला होता. पीस दिसलं तेव्हा नाही, काड्यांमध्ये तो सापडला तेव्हा. इतकी वर्षं पाखरू सापडलं की सोपान गवतातून उठून हात वर करायचा, तेव्हा माझ्या छातीत जे उडी घ्यायचं ते हेच होतं का? तसं असेल तर बरं. पण नेम लागल्याचाही आनंद मला व्हायचा, तो मी पुसू शकत नाही. स्वतःची सुटका करून घेण्यासाठी मी हे लिहीत असेन तर तेही वाचकांनी गृहीत धरावं.

मी होला अक्षयच्या हातात दिला. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली. तिशीचा माणूस, पण चेहरा उतरला होता. “खाणार होतास?” मी विचारलं. “नाय हो काका. उगंच... नानांची बंदूक दिसली, हातात घ्यावीशी वाटली.” वर पडवीतून लताबाईंनी हाक दिली, “काय झालं रं?” अक्षयनं माझ्याकडे बघितलं. तिथूनच ओरडून काहीही सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही. ओंजळ तशीच धरून तो ओळीतून वर चढत गेला, पडवीच्या पायरीपाशी थांबला आणि काकीपुढे हात उघडून म्हणाला, “लागलं व्हतं.”